वणव्याची भरपाई कोण करील?

शास्त्रपाठ : निर्गम 22:5–6, अनुवाद 21:1–9, नहेम्या 2:8 व अध्याय 3 रा



निर्गमाच्या 22 व्या अध्यायात दोन लहान नियम एकमेकांच्या शेजारी घातलेले आहेत. पहिला गुरांविषयी आहे. ज्याची गुरे मोकळी सुटून दुसऱ्याच्या शेतात किंवा मळ्यात चरली, त्याने आपल्या उत्तम मालातून ती नुकसानी भरून द्यावी, असा त्याचा भावार्थ आहे. दुसरा अग्नीविषयी आहे. कोणी आग पेटविली, ती काट्याकुट्यांत पसरली, आणि तिने शेजाऱ्याचे रचून ठेवलेले किंवा उभे धान्य खाल्ले, तर ज्याने ती पेटविली त्यानेच भरपाई करावी.

ह्या दुसऱ्या नियमाकडे नीट लक्ष द्या. त्यात चोराचे नाव नाही, वैऱ्याचे नाव नाही. त्यात आहे तो एक साधा कुणबी. तो आपल्याच शेताच्या कडेची काटेरी झुडपे जाळून वाट मोकळी करीत आहे. शेजाऱ्याचे वाईट करावे असे त्याच्या स्वप्नातही नाही. इतक्यात वारा फिरतो, आणि जी आग त्याची होती ती कोणाचीच राहत नाही. तेव्हा नियमशास्त्र त्याला असे विचारीत नाही की, बाबा, तुझ्या मनात काय होते? ते इतकेच विचारते की, ही आग पेटविली कोणी? मन निर्मळ असले म्हणजे हाताने केलेल्या नुकसानीचा हिशेब मिटतो असे नाही. वाईट इच्छा धरून जे पाप होते त्याविषयी आम्ही पुष्कळ बोलतो. पण निष्काळजीपणाने शेजाऱ्याचे जे जळते, त्याविषयी क्वचितच बोलतो. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 6,300 चौरस किलोमीटर आहे. त्यातील बहुतेक जमीन कपाशी, तूर व सोयाबीन पिकविणारी आहे. तरी आर्वी, आष्टी व कारंजा ह्या तालुक्यांच्या डोंगराळ भागात, सेलू तालुक्यात हिंगणीच्या बाजूस, आणि समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या बाजूस अद्यापि जंगल उभे आहे. हिंगणीजवळच्या बोर नदीकाठच्या जंगलास 1970 साली अभयारण्य व 2014 साली व्याघ्र प्रकल्प ठरविण्यात आले. तेव्हाचे त्याचे क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातील व्याघ्र प्रकल्पांत अगदी लहान. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने ते अधिक जपावे, हे शहाण्यास सांगणे नलगे.

हे जंगल पानझडीचे आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस, सालई ही त्यातील झाडे. माघ-फाल्गुनात सागाची मोठमोठी पाने गळून जमिनीवर थर साचतो. गवत वाळून काडी होते. पुढे वैशाखात पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा वेळी एक ठिणगी पुरे होते. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी शिकविताना हाच दाखला घेतला आहे, की आग असते लहान, पण ती केवढे रान पेटविते. जिभेचे पाप समजावून देण्यास त्याला रानाच्या आगीहून सोपे उदाहरण सापडले नाही. आम्हांस तर ते दरवर्षी डोळ्यांपुढे दिसते.

आता ही आग येते कोठून? आकाशातून वीज पडून वणवा लागणे आमच्याकडे विरळाच. सागाच्या फांद्या एकमेकींवर घासून आग लागते असे जे कित्येक सांगतात, ते बहुधा मनुष्याने आपला दोष झाडावर ढकलण्यासारखे आहे. आमच्या देशातील बहुतेक सर्व वणवे मनुष्याच्या हातूनच लागतात असे ह्या विषयाचे जाणते सांगतात. तो हात कोणाचा, हे आपण पाहू.

पहिला हात शेतकऱ्याचा. पीक निघाल्यावर तो धुरा पेटवितो, गव्हाचे धसकट किंवा पऱ्हाट्यांचा ढीग जाळतो, आणि आग विझली की नाही हे न पाहता घरी जातो. दुसरा हात मोहफुले वेचणाऱ्याचा. मोहाची फुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. तिसरा हात तेंदूपत्ता तोडणाऱ्याचा. झुडूप जाळले असता नवी, कोवळी, मोठी पाने फुटतात व पुडे चांगले बांधले जातात, ह्या समजुतीने हंगामापूर्वी रान पेटविले जाते. चौथा हात गुराख्याचा. वाळलेले गवत जाळले म्हणजे पहिल्या पावसाबरोबर हिरवा चारा लवकर येतो असे त्यास वाटते. पाचवा हात वाटसरूचा. त्याला जंगलातून काही नको असते. तो फक्त अर्धी विडी टाकून पुढे जातो.

बंधुजनहो, ह्या पाचांपैकी चौघे गरीब आहेत, आणि चौघेही पोटासाठी हे करितात. त्यांत आमच्या मंडळ्यांतील माणसेही असू शकतील. म्हणून त्यांचा धिक्कार करण्यास हे लिहिलेले नाही. मोहफुलांच्या टोपलीवर ज्या घराचे मीठ-तेल चालते, त्या घराला जंगलाचे प्रेम शिकविण्यापूर्वी त्याची चूल कशी पेटते हे पाहावे. परंतु निर्गमातील तो कुणबीही गरीबच असावा, आणि नियमशास्त्राने त्याची भरपाई माफ केली नाही. कारण ज्याचे धान्य जळाले तो शेजारीही गरीबच होता.

कोणी म्हणेल, “जंगल तर दरवर्षी जळते, आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा हिरवे होते. मग नुकसान ते कसले?” ह्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे, कारण ह्याच समजुतीमुळे आग लावणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटत नाही.

आमच्याकडील वणवा उंच ज्वाळांनी शेंडे जाळीत जात नाही. तो जमिनीवरून गवत व पाचोळा खात सरकतो. मोठा साग त्यातून वाचतो, म्हणून दुरून पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसते. परंतु खाली वाकून पाहा. त्या वर्षी रुजलेले मोहाचे रोप गेले. ऐन-धावड्याची पोरे गेली. सागाचे रोपटे बुडापासून पुन्हा फुटते खरे, पण दर उन्हाळ्यात जळून दर पावसाळ्यात फुटणारे रोपटे वर्षानुवर्षे गुडघाभरच राहते. म्हणजे ज्या जंगलात आजे उभे आहेत पण नातवंडे नाहीत, असे ते जंगल होते. वडील झाडे एक एक करून पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यावयास कोणी नसेल. शिवाय जो पाचोळा कुजून माती व्हावयाचा, तो राख होतो. उघड्या उतारावर पहिलाच जोराचा पाऊस ती राख व तिच्याबरोबर माती नाल्यात नेतो, आणि जे पाणी मुरून विहिरीस यावयाचे, ते वाहून जाते. लावा, तित्तिर, मोर ह्यांची घरटी जमिनीवर असतात. ती जळतात. ज्या रानात चारा व आडोसा उरला नाही, त्यातील रोही व रानडुकरे शेताकडे वळली तर नवल काय? योएल संदेष्ट्याने पहिल्या अध्यायाच्या शेवटी रानातील कुरणे जळून गेल्याचे दुःख वर्णिले आहे. तेथे रानातील पशूही देवाकडे धापा टाकीत पाहतात. ज्या आगीने मुक्या जनावरांना देवाकडे पाहावयास लावले, ती आग क्षुल्लक म्हणता येईल काय?

हे मोहफुले वेचणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. तो ज्या झाडाखाली आग लावितो, ते झाड बहुधा त्याच्या आजाच्या वेळेचे आहे. त्याच झाडाचे जे बी खाली रुजले होते, ते त्याच्या नातवाचे झाड होते. आज एका टोपलीसाठी उद्याचे झाड जाळणे, हा व्यवहार कोणत्याही वाण्याच्या वहीत नफ्याचा ठरणार नाही.

आता दुसरा प्रश्न घेऊ. आग लागली, रान जळाले, आणि कोणी लावली हे मात्र कोणासच ठाऊक नाही. बहुतेक वेळा असेच घडते. मग निर्गमातील नियम कोणास लावावा?

ह्याचे उत्तर अनुवादाच्या 21 व्या अध्यायात सापडते. तेथे शेतात पडलेल्या एका प्रेताची गोष्ट आहे. मारणारा कोण, ते माहीत नाही. तरी नियमशास्त्र प्रकरण मिटवून टाकीत नाही. वडील जनांनी बाहेर येऊन प्रेतापासून सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि जे गाव सर्वांत जवळ भरेल त्याच्या वडिलांनी पुढे होऊन देवासमोर उत्तर द्यावे, अशी तेथे व्यवस्था आहे. त्या गावाने खून केला असे शास्त्र म्हणत नाही. परंतु जे तुमच्या शिवेजवळ घडले त्याविषयी तुम्हांस काहीच ठाऊक नाही, काहीच कर्तव्य नाही, असे म्हणून तुम्ही दार लावून घेऊ शकत नाही, असे शास्त्र म्हणते.

आमच्या देशाच्या कायद्यातही ह्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 26 व्या कलमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे, किंवा आग पेटती सोडून जाणे, हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे असेही आहे की, अशा जंगलात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे हक्क सरकारास वाटेल तितका काळ तहकूब करता येतात. म्हणजे काडी एकाने ओढली तरी चराई सर्व गावाची बंद होऊ शकते. आणि 79 वे कलम असे सांगते की, जंगलात ज्याला हक्क आहे, ज्याला वनोपज घेण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी आहे, त्याने आगीची खबर जवळच्या वन अधिकाऱ्यास किंवा पोलिसास दिली पाहिजे, व स्वतः ती विझविण्यास धावले पाहिजे. जंगलाचे खावे आणि जंगल जळताना ओट्यावर बसून पाहावे, हे कायद्यासही मान्य नाही. मग ख्रिस्ती मनुष्याच्या विवेकास ते कसे मान्य व्हावे?

परंतु न्यायाचा तराजू दोन्ही पारड्यांनी तोलला पाहिजे. गावाचे कर्तव्य सांगून राज्यकर्त्याचे कर्तव्य झाकून ठेवणे हा उपदेश नव्हे.

वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरापासून वेगळा झाला, तेव्हा तो मध्यप्रांतात होता. त्याच सुमारास मध्यप्रांताचे जंगल-अधिकारी कर्नल पिअर्सन ह्यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात वणवा थोपवून दाखविला. आग अडविता येत नाही असे त्या काळी पुष्कळांस वाटे. गवत कापून व जाळून मोकळे पट्टे राखले असता ती अडविता येते, हे तेथे दिसून आले. हेच पट्टे पुढे जाळरेषा म्हणून सर्वत्र रूढ झाले. ही शिकवण चांगली होती. परंतु तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट आली. जंगल सरकारचे झाले, त्याचे लाकूड महसुलाचे झाले, आणि जो गोंड किंवा कोलाम पिढ्यान् पिढ्या त्यात वावरत होता तो एका दिवसात परका झाला. ज्याचा हक्क गेला त्याची काळजीही हळूहळू गेली. जळते ते सरकारचे जळते, असे म्हणण्याची सवय गावास लागली. ज्या घरातून मुलास बाहेर काढले, त्या घराच्या आढ्याला आग लागली तर तो मुलगा घागर घेऊन धावेल, अशी आशा कोणत्या बापाने करावी?

ह्या वर्धा शहरातच मगनवाडी येथे 1934 नंतर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालले. ते चालविणारे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. जंगलाकडे सरकारी उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू नये, भोवतालच्या लोकांच्या गरजा पाहून त्याची व्यवस्था लावावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा मृत्यू 1960 साली झाला. पुढे 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने पैशाचा लाभ गौण मानून जंगलाचे रक्षण व तेथील लोकांच्या गरजा ह्यांस वरचे स्थान दिले. 1990 साली केंद्राने व 1992 साली महाराष्ट्राने गावकऱ्यांबरोबर मिळून जंगल राखण्याची संयुक्त वन व्यवस्थापनाची रीत स्वीकारली. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेस आपले सामूहिक जंगल राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्कच दिला. हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो वर्धा जिल्ह्यासही लागू आहे. आदिवासींखेरीज इतरांसही तो लागू होतो. मात्र 13 डिसेंबर 2005 च्या पूर्वी तीन पिढ्या त्या जंगलाच्या आधाराने राहिल्याचे त्यांनी दाखविले पाहिजे.

हक्क मिळाल्याने काय होते हे पाहावयाचे असेल तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहा. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूचा व्यवहार आपल्या हाती घेतला. त्याच वेळी तिने एक कठीण ठरावही केला. तेंदूपत्ता तोडण्यापायी फांद्या छाटल्या जातात व रान पेटविले जाते, म्हणून तो तोडणेच बंद करावयाचे. तेंदूचे पैसे हातचे सोडणे ही खेड्यात लहान गोष्ट नव्हे. बाहेरच्या हुकुमाने हे झाले असते काय? जंगल आपले झाले, म्हणून त्याची राखणही आपली झाली. निर्गमातील नियमाचा गाभा हाच आहे. जो उपभोगतो त्यानेच उत्तर द्यावे, आणि ज्याने उत्तर द्यावयाचे त्याला उपभोगही असावा.

नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात आसाफ नावाचा एक राखणदार आहे. तो पारसाच्या राजाच्या वनाचा अधिकारी होता. यरुशलेमेच्या वेशी बांधावयास लाकूड पाहिजे होते, म्हणून नहेम्याने राजाकडून ह्या आसाफाच्या नावाने पत्र मागून घेतले. म्हणजे तेव्हाही वनास राखणदार होता, लाकूड परवानगीने मिळे, आणि ते लोकांच्या खऱ्या गरजेसाठी दिले जाई. चांगला राखणदार नुसता कुलूप लावीत नाही. काय द्यावे, किती द्यावे व कधी द्यावे हे तो जाणतो.

वणव्याच्या बाबतीत राज्यकर्त्याने जे जाणावे ते थोडक्यात असे. आग वैशाखात विझविण्यापेक्षा पौषात अडविणे स्वस्त आहे. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरितात. जाळरेषा त्यापूर्वीच साफ झाल्या पाहिजेत. एप्रिलात कापलेला पट्टा हा पूर ओसरल्यावर बांधलेला बांध होय. राखणीस गावातलीच माणसे लावावी, कारण कोणत्या नाल्याने वारा येतो हे त्यांस ठाऊक असते, आणि त्यांची मजुरी वेळेवर द्यावी. तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी बुडाशी छाटली तरी नवी पाने येतात. ही छाटणी करविण्याचा खर्च धोरणात असला पाहिजे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहावरून आगीची खबर देत आली आहे. तिच्याच 2019 च्या अहवालात देशातील 36 टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार वणव्याच्या धोक्यात आहे असे दाखविले आहे. परंतु उपग्रहाने आग पाहिली तरी तो झोडपावयास हिरवा डहाळा आणू शकत नाही. त्यासाठी गावातलेच पाय धावले पाहिजेत.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. अग्नी हा सर्वस्वी शत्रू आहे असे समजू नये. ब्रह्मदेशाच्या सागवनांत इंग्रज अधिकाऱ्यांनी आग अजिबात बंद करण्याचा हट्ट धरिला. तेव्हा 1896 साली त्यांच्यापैकीच स्लेड ह्यांनी दाखवून दिले की, तेथील ओलसर जंगलात अशाने सागाची नवी रोपेच वाढेनाशी होतात. अमेरिकेच्या वन खात्याने 1935 साली असा दंडक घातला की प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यावी. पुढे असे दिसले की कित्येक जंगलांत वाळलेले सरपण साचत गेले व पुढच्या आगी अधिकच भयंकर झाल्या. 1970 नंतरच्या दशकात तो दंडक सोडावा लागला. ह्यातून आपण वर्षानुवर्षे कोरडे रान पेटवीत राहावे असा अर्थ काढू नये. अर्थ इतकाच की, शहाण्याची आग वेळ पाहून, दंव पाहून, माणसे उभी करून लाविलेली असते, आणि मूर्खाची आग दुपारच्या वाऱ्यावर सोडलेली असते. थंडीच्या दिवसांत जाळरेषेवर जे गवत जाळितात ती पहिली आग. उन्हाळ्यात धुऱ्यावरून जी निसटते ती दुसरी.

आता मंडळ्यांनी काय करावे? नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांविषयी म्हटले आहे की त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सर्व कोट एकट्याने कोणी बांधला नाही. आपापल्या घरासमोरचा भाग बांधीत गेले, आणि कोट उभा राहिला. जाळरेषाही तशीच राखावी.

ज्यांची शेते जंगलाला लागून आहेत त्यांनी धुरा पेटवूच नये. पऱ्हाट्या व धसकट कुजवून खत करावे. जाळणे अगदी भागच असेल तर भोवती पट्टा खरडून, पाणी जवळ ठेवून, सकाळी वारा पडलेला असताना जाळावे, वनरक्षकास आधी कळवावे, आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये. मोहफुले वेचणाऱ्यांनी पाचोळा खराट्याने झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखाली जाळी अंथरावी. जाळीवर पडलेली फुले स्वच्छ राहतात, त्यांना माती लागत नाही. आर्वी-कारंजाच्या डोंगरांवर गवळाऊ गाई राखणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे की, जाळलेल्या गवताचा हिरवा कोंब थोड्या दिवसांचा असतो, पण कापून रचलेली गवताची गंजी उन्हाळाभर पुरते. विडी ओढणाऱ्याने जंगलात ती पेटवूच नये.

उपदेशकांनी हा पाठ नाताळानंतरच्या रविवारी घ्यावा. पुनरुत्थानाच्या सणानंतर तो सांगून उपयोग नाही. तेव्हा मोहफुले पडून गेलेली असतात व अर्धे रान जळून गेलेले असते. प्रार्थनेस जमलेल्या बायकांस तो अवश्य सांगावा, कारण मोहफुले व तेंदूची पाने बहुधा त्याच वेचितात. बीटच्या वनरक्षकाचा मोबाइल नंबर मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. आणि ग्रामसभेत वणव्याचा किंवा वनहक्काचा विषय निघेल त्या दिवशी मंडळीतील स्त्री-पुरुषांनी घरी बसू नये. हे बाहेरच्यांचे काम, हे आमचे नव्हे, असे जो म्हणतो त्याने अनुवादाचा 21 वा अध्याय पुन्हा वाचावा. तेथे अंतर मोजताना कोण कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, हे पाहिलेले नाही. गाव किती जवळ आहे एवढेच पाहिले आहे.

आणि ज्याच्या हातून कधी रान जळाले असेल, मग ते त्याला एकट्यालाच ठाऊक का असेना, त्याला शेवटचे दोन शब्द. निर्गमातील नियम भीती घालण्यासाठी दिलेला नाही. त्यात भरपाईची वाट दाखविलेली आहे, आणि जेथे भरपाईची वाट आहे तेथे आशाही आहे. जळालेले धान्य परत करिता येत नाही, पण दुसरे देता येते. त्याप्रमाणे ह्या वर्षी जाळरेषेवर चार दिवस श्रम द्यावे, दोन मोहाची रोपे लावून ती पाच वर्षे जगवावी, शेजाऱ्याच्या पोराचा हात काडीपेटीकडे जाताना त्याला प्रेमाने थांबवावे. जक्कयाने आपल्या धनाने भरपाई केली. गरिबाजवळ धन नसते, परंतु हातपाय असतात, आणि देव तेही मोजून घेतो.

हे जगाच्या निर्माणकर्त्या पित्या, तू मनुष्यास बाग राखावयास दिली, आणि आम्ही तिच्या कडेस आग लावून घरी निघून गेलो. आमच्या हातांस सावधपणा दे. आमच्यावरील अधिकाऱ्यांस न्याय व दूरदृष्टी दे. जे गरीब रानावर पोट भरतात त्यांचा घास जाऊ देऊ नको, आणि त्यांच्या नातवंडांसाठी मोहाची सावली राहू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.